कलामांना अणुशास्त्रज्ञ म्हणणे थांबवावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाचन प्रेरणा दिनानिमित्त आपल्या दैनिकात शाळाशाळांतील कार्यक्रमांचा जो वृत्तांत प्रसिद्ध झाला, त्यात माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा उल्लेख दोन ठिकाणी ‘थोर अणुशास्त्रज्ञ’ असा झाला आहे. ही चूक आपल्या एकट्याची नाही. भाषणांत, फलकांवर, निबंधांत, अगदी निमंत्रणपत्रिकांवरही हाच शब्द मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. कलाम अणुशास्त्रज्ञ नव्हते. ते विमानविद्येचे अभियंते होते आणि त्यांच्या आयुष्याची उमेदीची वर्षे अग्निबाण बांधण्यात गेली. एका शब्दाच्या दुरुस्तीसाठी एवढे लांब पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. परंतु या एका शब्दामुळे त्यांचे सगळे काम झाकले जाते असे माझे मत आहे आणि म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. निवृत्तीनंतर १५ ऑक्टोबरच्या, म्हणजे कलामांच्या जन्मदिनाच्या, कार्यक्रमाला पाहुणी म्हणून मला एखाद्या शाळेचे बोलावणे येते. यंदा एका शाळेत अकरा मुलामुलींची भाषणे ऐकली. मुले मनापासून बोलली, पाठांतर चोख होते. प्रत्येक भाषणात वृत्तपत्रे विकणारा रामेश्वरमचा गरीब मुलगा होता, शेवटी राष्ट्रपती भवन होते आणि मध्ये स्वप्नांविषयीची सुवचने होती. त्यांतील काही सुवचने कलामांची आहेत याचा कोणताही आधार मला आजवर सापडलेला नाही. वृत्तपत्रांच्या गठ्ठ्यापासून राष्ट्रपती भवनापर्यंतच्या साठ वर्षांत या माणसाने रोज सकाळी उठून नेमके काय केले, हे अकरापैकी एकाही भाषणात नव्हते. दोष मुलांचा नाही. त्यांना आम्ही शिक्षकांनी आणि आपण वृत्तपत्रांनी तेवढेच दिले.

वृत्तपत्रांची गोष्टसुद्धा आपण अर्धीच सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रामेश्वरम स्थानकावर गाडी थांबणे बंद झाले आणि वृत्तपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून बाहेर टाकले जाऊ लागले. कलामांचे नात्यातले भाऊ शमसुद्दीन गावात वृत्तपत्रे वाटत असत. ते गठ्ठे झेलण्यासाठी त्यांना मदतीला कोणीतरी हवे होते, आणि ते काम या लहान मुलाने केले. वडील जैनुलाबदीन होडी चालवून यात्रेकरूंची ने-आण करत आणि मशिदीत इमाम होते. रामेश्वरमच्या देवळाचे पुजारी लक्ष्मण शास्त्री हे त्यांचे जवळचे स्नेही होते. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयातून भौतिकशास्त्राची पदवी घेतल्यावर मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्रवेश मिळाला, तेव्हा शुल्कासाठी लागणारे सुमारे हजार रुपये घरात नव्हते. थोरली बहीण जोहरा हिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवून ते उभे केले. भाषणांत जोहराचे नाव क्वचितच ऐकू येते, आणि माझ्यासारख्या शिक्षिकेला ते दरवेळी खटकते.

तेथे त्यांनी विमानविद्या शिकली. नावाआधीची ‘डॉ.’ ही उपाधी अनेक विद्यापीठांनी दिलेल्या मानद पदव्यांची आहे, पीएच.डी.चा प्रबंध त्यांनी लिहिलेला नव्हता. यात त्यांचे कोठेही न्यून नाही. उलट अभियंता म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगण्याची ही उत्तम संधी आहे. निसर्गाचे नियम शोधणारा एक असतो आणि त्या नियमांच्या आधाराने यंत्र उभे करून ते ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी चालवून दाखवणारा दुसरा असतो. कलाम दुसऱ्या प्रकारचे होते. शेवटच्या वर्षी त्यांच्या गटाला कमी उंचीवरून हल्ला करणाऱ्या विमानाचा आराखडा करायचा होता. प्राध्यापक श्रीनिवासन यांना काम असमाधानकारक वाटले, त्यांनी तीन दिवसांची मुदत दिली आणि पूर्ण झाले नाही तर शिष्यवृत्ती बंद होईल असे बजावले. मुदतीत काम करणे म्हणजे काय, हे कलाम त्या तीन दिवसांत शिकले असे ते स्वतः सांगत.

त्यांना व्हायचे होते वैमानिक. डेहराडूनला हवाई दलाच्या निवड मंडळासमोर पंचवीस उमेदवारांत त्यांचा नववा क्रमांक आला आणि जागा आठ होत्या. मग ते दिल्लीला संरक्षण मंत्रालयाच्या तांत्रिक विभागात १९५८ साली वरिष्ठ वैज्ञानिक साहाय्यक म्हणून रुजू झाले. पुढे बंगळूरला ‘नंदी’ नावाचे हॉवरक्राफ्ट, म्हणजे हवेच्या गादीवर तरंगत जाणारे वाहन, त्यांनी एका लहान गटाबरोबर तयार केले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्यातून फिरले होते. मेनन गेल्यावर ‘नंदी’ बाजूला पडले. तयार झालेले, चाललेले यंत्र कोणाला नको असणे हा अनुभव अभियंत्याला पराभवापेक्षाही जड जातो, असे मला वाटते.

१९६२ साली डॉ. विक्रम साराभाई यांनी त्यांना अंतराळ संशोधनाच्या नव्या कामासाठी निवडले आणि येथून जी गोष्ट सुरू होते ती मुलांना सांगितलीच पाहिजे. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा हे मच्छीमारांचे गाव आहे. तेच का निवडले? पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्याच्या जवळून जाते आणि त्या पट्ट्यात सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विजेचा एक प्रवाह वाहतो, त्याचा अभ्यास करायचा तर अग्निबाण तेथूनच सोडायला हवेत. त्या जागेवर सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या लोकांना विश्वासात घेतले आणि गावाने ती जागा दिली. चर्चमध्ये पहिली कार्यशाळा थाटली गेली. अग्निबाणाचे भाग सायकलवरून नेतानाचे छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी संध्याकाळी अमेरिकेकडून आलेला ‘नायके-अपाचे’ हा अग्निबाण तेथून सुटला. तो सोडण्याच्या मंचावर चढवताना क्रेनच्या हायड्रॉलिक यंत्रणेत गळती झाली, तेव्हा माणसांनी हाताने जोर लावून तो जागेवर बसवला. जुळणी आणि सुरक्षितता ही कलामांची जबाबदारी होती. सोडियमची वाफ आकाशात पसरली आणि मावळतीला नारिंगी ढग दिसला. या पहिल्या तुकडीत प्रमोद काळे हे मराठी अभियंतेही होते, जे पुढे याच केंद्राचे संचालक झाले. किती मराठी शाळांत त्यांचे नाव घेतले जाते?

हाच प्रश्न डॉ. वसंत गोवारीकर यांच्याविषयी अधिक तीव्रतेने विचारावासा वाटतो. इंग्लंडमधील काम सोडून १९६७ साली ते थुंब्याला आले आणि अग्निबाणाला लागणारे घन इंधन देशातच तयार करण्याचे काम त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्गी लावले. भारताचा पहिला उपग्रह प्रक्षेपक एसएलव्ही-३ हा चारही टप्प्यांत घन इंधनावर चालणारा होता. म्हणजे कलामांच्या नावाने ओळखला जाणारा तो प्रक्षेपक ज्या बळावर उठला त्यात गोवारीकरांच्या प्रयोगशाळेचा मोठा वाटा होता. पावसाच्या अंदाजाचे प्रारूप आणि पुणे विद्यापीठाचे कुलगुरूपद यांमुळे गोवारीकर आपल्याला थोडेफार माहीत आहेत, पण थुंब्यातील गोवारीकर आपण विसरलो. कलाम स्वतः मात्र आपल्या लिखाणात सहकाऱ्यांची नावे पानोपानी घेतात. त्यांना एकट्याला ‘क्षेपणास्त्रांचे जनक’ म्हणून उंच चौथऱ्यावर बसवणे त्यांच्या स्वतःच्या कथनाशी जुळत नाही.

एसएलव्ही-३ चे काम सत्तरच्या दशकात कलामांकडे प्रकल्पप्रमुख म्हणून आले. सुमारे २२ मीटर उंच आणि १७ टन वजनाचा हा प्रक्षेपक अवघा ४० किलोचा भार पृथ्वीभोवती फिरवू शकणार होता. त्या वर्षांतच त्यांचे मेहुणे आणि तरुणपणीचे मार्गदर्शक जलालुद्दीन गेले, मग वडील, मग आई. ते रामेश्वरमला जात आणि पुन्हा कामावर परत येत.

१० ऑगस्ट १९७९ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून पहिले उड्डाण झाले. पहिला टप्पा नीट जळाला. दुसऱ्या टप्प्यात यानाचा तोल गेला आणि सुमारे पाच मिनिटांत ते बंगालच्या उपसागरात कोसळले. चौकशीत कारण निघाले ते असे. दुसऱ्या टप्प्याची दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत नायट्रिक आम्ल वापरले जात होते. त्या यंत्रणेतील एक झडप कचरा अडकून उघडी राहिली, आम्ल गळून गेले आणि नियंत्रणासाठी हवा असलेला जोर ऐन वेळी उपलब्धच झाला नाही. संपादक महोदय, सात वर्षांचे काम झडपेत अडकलेल्या कणांपायी समुद्रात गेले. उड्डाणाआधी संगणकाने काम थांबवले होते आणि तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून पुढे जाण्याचा निर्णय आपण घेतला, हे कलाम नंतर सभासभांतून सांगत. चौकशीच्या बैठकीत त्यांनी मोहिमेचा प्रमुख म्हणून अपयशाची जबाबदारी स्वतःवर घेतली.

आणि त्या दिवशी पत्रकारांसमोर कोण गेले? इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन. त्यांनी कलामांना पुढे केले नाही. अपयश आपले म्हणून स्वीकारले आणि सहकाऱ्यांवर आपला विश्वास आहे असे सांगितले. १८ जुलै १९८० रोजी दुसऱ्या उड्डाणात ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तेव्हा धवन यांनी कलामांना पत्रकार परिषद घ्यायला सांगितले. हा प्रसंग कलाम आयुष्यभर सांगत राहिले. स्वतःच्या यशाची गोष्ट त्यांनी नेहमी वरिष्ठाच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून सांगितली. अपयश आणि यश यांमधील त्या अकरा महिन्यांत काय झाले असेल, याचा विचार मी वर्गात मुलांना करायला लावत असे. झडपा पुन्हा तपासल्या, पुन्हा स्वच्छ केल्या, पुन्हा चाचण्या घेतल्या, नोंदी लिहिल्या. सुवचन होईल असे त्यात काहीच नाही, आणि अभियंत्याचा बहुतेक दिवस याच कामात जातो.

१९८२ साली ते हैदराबादच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत गेले आणि पुढच्या वर्षी पृथ्वी, त्रिशूल, आकाश, नाग व अग्नी अशा पाच क्षेपणास्त्रांचा एकत्रित कार्यक्रम सुरू झाला. पुण्यातील पाषाण आणि दिघी येथील संरक्षण प्रयोगशाळांचाही त्यात सहभाग होता. १९८९ च्या एप्रिल-मेमध्ये चांदीपूरहून अग्नीचे उड्डाण दोनदा शेवटच्या क्षणी थांबवावे लागले. वृत्तपत्रांतून त्यावर व्यंगचित्रे आली. २२ मे रोजी अग्नी झेपावले. दहा वर्षांपूर्वी संगणकाने थांबा म्हटले असताना पुढे गेलेला माणूस या वेळी टीका सोसून दोनदा थांबला, यातच मला एसएलव्हीचा धडा दिसतो.

अणुशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ मात्र मे १९९८ मधील पोखरणच्या चाचण्यांत आहे. लष्करी गणवेशातील कलामांची छायाचित्रे त्या वेळी घरोघरी पोहोचली. त्या चाचण्यांत अणुस्फोटकाचे भौतिकशास्त्र आणि रचना ही तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची बाजू होती. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते डॉ. आर. चिदंबरम आणि भाभा केंद्राचे संचालक डॉ. अनिल काकोडकर. संरक्षण संशोधन संघटनेचे प्रमुख या नात्याने कलामांनी आपल्या संघटनेची बाजू सांभाळली आणि चिदंबरम यांच्यासह मोहिमेचा समन्वय केला. समन्वय हे मोठे काम आहे, पण ते वेगळे काम आहे. कलामांना अणुशास्त्रज्ञ म्हटले की तुर्भ्याच्या प्रयोगशाळेतील माणसांचे श्रेय जाते आणि कलामांचे स्वतःचे कामही पुसले जाते, असा दुहेरी अन्याय होतो.

माझ्या विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त भावत असे ती गोष्ट कॅलिपरची. क्षेपणास्त्रांसाठी तयार झालेला अत्यंत हलका संमिश्र पदार्थ पाहून हैदराबादच्या एका अस्थिरोगतज्ज्ञाने कलामांना आपल्या रुग्णालयात नेले. पोलिओने पाय गेलेली मुले तेथे तीन-तीन किलोंचे धातूचे आधार ओढत चालत होती. कलामांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ३०० ग्रॅमचे आधार तयार करून दिले. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांच्यासह हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचा स्वस्त स्टेंटही त्यांनी घडवला. एकदा एका आठवीतल्या मुलाने वर्गात तराजू आणून तीन किलो बटाटे आणि ३०० ग्रॅम बटाटे वेगवेगळ्या पिशव्यांत भरले आणि त्या पिशव्या पायाला बांधून सगळ्यांना एकेक फेरी मारायला लावली. त्या दिवशी मला वेगळे काही शिकवावे लागले नाही.

२५ जुलै २००२ रोजी हे अभियंते राष्ट्रपती झाले. भारतरत्न आधी आणि राष्ट्रपतिपद नंतर, असे त्यांच्यापूर्वी केवळ डॉ. राधाकृष्णन आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या बाबतीत घडले होते. मुलांमध्ये रमणारे राष्ट्रपती आपल्याला आठवतात. ८ जून २००६ रोजी पुण्याच्या लोहगाव तळावरून वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी सुखोई विमानातून त्यांनी केलेले उड्डाण तर महाराष्ट्राला चांगलेच आठवते. वैमानिकाची हुकलेली नववी जागा त्या सकाळी त्यांच्या मनात आली असेल का, असा विचार माझ्या मनात त्या वेळी आला होता. पण राष्ट्रपती म्हणून त्यांचे मूल्यमापन या चित्रांवर थांबू नये.

लाभाच्या पदासंबंधीचे, म्हणजे खासदारांना कोणती सरकारी पदे घेता येतील हे ठरवणारे, विधेयक २००६ साली त्यांनी संसदेकडे पुनर्विचारासाठी परत पाठवले. कोणती पदे लाभाची मानायची याचा निकष सर्वांना सारखा लागू होणारा असावा, असे त्यांचे म्हणणे होते. संसदेने ते पुन्हा मंजूर केले, तेव्हा घटनेप्रमाणे त्यांनी स्वाक्षरी केली. निकष आधी मांडा आणि मग मोजा, ही अभियंत्याची सवय यात मला स्पष्ट दिसते. याउलट मे २००५ मध्ये मॉस्कोत असताना बिहार विधानसभेच्या विसर्जनाच्या घोषणेवर त्यांनी रात्री स्वाक्षरी केली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. या प्रकरणानंतर आपण राजीनाम्याचा विचार केला होता आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी आग्रह केल्यामुळे थांबलो, असे त्यांनी पुढे लिहिले. थांबवता आले असते असे उड्डाण पुढे जाऊ देण्याचाच हा प्रसंग होता आणि येथेही त्यांनी आपला वाटा झाकला नाही. ते थांबायला हवे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दयेच्या अर्जांबाबतही मी त्यांच्याशी सहमत नाही. पाच वर्षांत त्यांनी केवळ दोन अर्जांवर निर्णय दिला, एक फेटाळला आणि एकात जन्मठेप दिली. उरलेले अर्ज तसेच राहिले. फाशीच्या कैद्यांत बहुसंख्य गरीब आणि दुर्बल घटकांतील असतात हे त्यांनी अभ्यासाने मांडले होते आणि ती व्यथा खरी होती, परंतु निर्णयाअभावी वर्षानुवर्षे लटकत राहणे ही त्या गरिबांसाठी वेगळी शिक्षाच होती. कलामांवर माझे निस्सीम प्रेम आहे. म्हणूनच त्यांना दोषरहित मूर्ती करून मुलांपुढे ठेवणे मला पटत नाही.

२७ जुलै २०१५ रोजी शिलाँगच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत व्याख्यान देताना ते कोसळले आणि त्यांचे निधन झाले. त्याच वर्षापासून महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. या दिवसाचे मला मनापासून कौतुक आहे आणि म्हणूनच आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पहिली विनंती अशी की, झालेल्या चुकीची दुरुस्ती छापावी आणि यापुढे आपल्या बातम्यांत त्यांचा उल्लेख वैमानिकी अभियंता किंवा अग्निबाण-अभियंता असा करावा. दुसरी अशी की, पुढच्या १५ ऑक्टोबरच्या पुरवणीत सुवचनांच्या चौकटीऐवजी त्यांच्या आत्मचरित्राच्या मराठी अनुवादातील १० ऑगस्ट १९७९ चा भाग, प्रकाशकांच्या परवानगीने, छापावा आणि त्याशेजारी थुंब्याच्या मराठी माणसांवर एक लेख द्यावा. यंदाच्या कार्यक्रमात माझ्या वाट्याला आलेल्या पंधरा मिनिटांत मी ती झडपेची गोष्ट सांगितली. कार्यक्रम संपल्यावर सातवीतली एक मुलगी थांबली आणि तिने विचारले, “बाई, मग ती झडप कोणी साफ केली?” त्या माणसाचे नाव मला सांगता आले नाही. आपल्या वाचकांत थुंब्यात किंवा श्रीहरिकोट्यात काम केलेले कोणी असतील, तर त्यांनी आपल्या दैनिकाकडे जरूर लिहावे. मी त्या मुलीला ते पत्र नेऊन वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सांगली